दुग्धविरहित चीज: निवडीपासून आस्वादापर्यंत सविस्तर मार्गदर्शन

दुधाशिवायच्या चीजकडे वळणाऱ्या अनेकांची निराशा पहिल्या एकदोन खरेदींतच होते, आणि तिचे कारण बहुधा निवडीत दडलेले असते. पिझ्झावर वितळावा म्हणून बनवलेला ठोकळा थंडच कापून खाल्ला तर तो मेणचट लागतो. उलट काजूपासून आंबवून केलेले चवदार चीज ओव्हनमध्ये घातले तर ते वितळत नाही, कोरडे पडते आणि वरून तपकिरी होते. दोन्ही पदार्थ आपापल्या जागी उत्तम असतात. म्हणून ‘सर्वांत चांगले दुग्धविरहित चीज कोणते’ या प्रश्नाने सुरुवात करू नये. ‘या पदार्थात चीजने नेमके कोणते काम करायचे आहे’ हे आधी ठरवावे. वितळणे, कापले जाणे, पसरणे, भुरभुरणे आणि नुसते खाण्यात आनंद देणे ही पाच वेगवेगळी कामे आहेत आणि दुधाच्या चीजलासुद्धा ती एकाच प्रकारात साधत नाहीत.

दुधाचे चीज वितळते कसे आणि वनस्पतींचे का अडते

गायीच्या दुधातील प्रथिनांपैकी सुमारे ८० टक्के भाग केसिनचा असतो. दुधात केसिनचे सूक्ष्म पुंजके कॅल्शियम फॉस्फेटच्या आधाराने तरंगत असतात. रेनेट या दूध साकळवणाऱ्या विकरामुळे किंवा आम्लामुळे ते एकमेकांना चिकटतात आणि त्यांचे जाळे तयार होते. मेद आणि पाणी या जाळ्यात अडकून राहतात. रेनेटने साकळलेले चीज तापवले की आधी मेद पातळ होतो, मग जाळे सैल पडते, परंतु ते पूर्णपणे तुटत नाही. सैल होऊनही न तुटण्याच्या या गुणामुळेच चीजला तार सुटते. सोया, वाटाणा, काजू किंवा बदाम यांतील प्रथिनांची घडण वेगळी असल्याने उष्णता लागल्यावर ती सैल होण्याऐवजी सहसा घट्ट होतात. वनस्पतिजन्य चीज बनवणाऱ्यांपुढची मुख्य अडचण हीच आहे.

यावर बाजारातील बहुतेक उत्पादनांनी शोधलेला मार्ग मेद आणि स्टार्च यांच्या जोडीचा आहे. खोबरेल तेल सुमारे २४ अंश सेल्सिअसला वितळते, त्यामुळे फ्रिजमध्ये ते घट्ट राहते आणि ठोकळ्याला कापता येण्याजोगा टणकपणा देते. बटाटा, मका किंवा टॅपिओका (ज्याचा साबुदाणा करतात तो कंद) यांचा स्टार्च पाण्यासह साधारण ६० ते ७० अंशांच्या पुढे फुगतो आणि चिकट होतो. टॅपिओकाच्या स्टार्चला तर बरीच लांब तारही येते. अगर-अगर हा समुद्री शेवाळापासून मिळणारा पदार्थ उकळत्या पाण्यात विरघळतो आणि ३५ ते ४० अंशांच्या आसपास थिजतो. पण एकदा थिजल्यावर तो पुन्हा पातळ व्हायला सुमारे ८५ अंश लागतात. अगर घातलेले चीज सुरेख कापले जाते, किसलेही जाते, आणि तरीही टोस्टवर जसेच्या तसे उभे राहते, याचे कारण हे आहे. कॅराजीनन हा दुसरा शेवाळजन्य पदार्थ याहून कमी उष्णतेला सैल होतो, म्हणून वितळण्यासाठीच्या चीजमध्ये तो अधिक आढळतो. एवढे लक्षात ठेवले की पाकिटामागची घटकांची यादी वाचूनच आतील चीज कसे वागेल याचा बराचसा अंदाज बांधता येतो.

पाकीट वाचताना

दुधाची ॲलर्जी असलेल्यांनी हा भाग विशेष काळजीपूर्वक वाचावा. ‘लॅक्टोज-मुक्त’ चीज हे दुधाचेच चीज असते. त्यातील साखर काढलेली किंवा विघटित केलेली असते, प्रथिने मात्र तशीच राहतात. लॅक्टोज न पचणाऱ्या व्यक्तीला ते चालते, दुधाच्या प्रथिनांची ॲलर्जी असलेल्याला ते घातक ठरू शकते. ‘नॉन-डेअरी’ या शब्दांवरही पूर्ण विसंबू नये, कारण काही देशांत असे छापलेल्या पदार्थांतही दुधापासून काढलेले केसिनेट असू शकते. केसिन, केसिनेट, व्हे, दुधाची भुकटी आणि दुधातील घनपदार्थ हे शब्द यादीत शोधावेत. ‘व्हिगन’ हा शिक्का घटकांबद्दल सांगतो. त्याच कारखान्यात दुधाचे पदार्थही हाताळले जात असतील तर अंश मिसळण्याची शक्यता उरते आणि तिची सूचना वेगळी छापलेली असते. याशिवाय सूक्ष्मजीवांकरवी तयार केलेली दुधाची प्रथिने वापरणारे नवे पदार्थ आले आहेत. त्यांत कोणत्याही जनावराचा सहभाग नसला तरी प्रथिन दुधाचेच असल्याने ॲलर्जीचा धोका कायम राहतो. आणि दूध टाळताना काजू, बदाम, सोया यांची ॲलर्जी असलेले कोणी पानावर आहे का, हे विचारायला विसरू नये.

नावाच्या बाबतीत एक व्यावहारिक सूचना करतो. युरोपीय संघाच्या न्यायालयाने २०१७ मध्ये असा निर्णय दिला की, काही ठरावीक अपवाद वगळता, निव्वळ वनस्पतिजन्य पदार्थ ‘दूध’, ‘लोणी’ किंवा ‘चीज’ या नावांनी विकता येणार नाहीत. त्यामुळे तेथे हे पदार्थ ‘स्लाइस’, ‘ब्लॉक’, ‘किसलेला पर्याय’ अशा नावांखाली मिळतात. चीज हा शब्द दिसला नाही म्हणून पाकीट परत ठेवू नये.

पोषणाचा विचारही येथेच करावा. चेडरसारख्या चीजच्या १०० ग्रॅममध्ये सुमारे २५ ग्रॅम प्रथिने आणि ७०० मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असते. खोबरेल तेल आणि स्टार्च यांच्या ठोकळ्यात प्रथिने जवळजवळ नसतात आणि कॅल्शियम वरून घातले असेल तरच असते. मेद मात्र भरपूर असतो, आणि खोबरेल तेलातील मेदापैकी ८० ते ९० टक्के संपृक्त असतो. याचा अर्थ हे चीज खाऊ नये असा नाही. ते चवीसाठी खावे आणि प्रथिनांची गरज जेवणातील इतर पदार्थांतून भागवावी. प्रथिनेही चीजमधूनच हवी असतील तर टोफूवर किंवा काजूबदामांवर आधारलेले प्रकार निवडावेत. आहारातून दूध पूर्णपणे वगळणाऱ्यांनी कॅल्शियम आणि बी-१२ यांची भर घातलेले उत्पादन निवडणे शहाणपणाचे आहे.

घरी करण्यासाठी लागणारी सामग्री

चांगला मिक्सर, बारीक गाळणी, स्वच्छ मलमलचे कापड आणि जाड बुडाचे पातेले एवढी साधने पुरतात. सामग्रीत भाजलेले किंवा खारवलेले नव्हेत असे साधे काजू, टॅपिओका स्टार्च, अगरची पूड, घट्ट टोफू, लिंबू, व्हिनेगर, मीठ, लसणाची पूड, फिक्या रंगाचा मिसो (सोयाबीन आंबवून केलेला जपानी लगदा) आणि न्यूट्रिशनल यीस्ट असावे. न्यूट्रिशनल यीस्ट म्हणजे उष्णतेने निष्क्रिय केलेले यीस्ट. पाव फुगवण्याच्या यीस्टऐवजी ते वापरता येत नाही, आणि त्याच्या जागी पावाचे यीस्ट घातले तर चीज कडवट होते. न्यूट्रिशनल यीस्टमधील ग्लुटामेटमुळे मुरलेल्या चीजची आठवण करून देणारी खमंग, भरदार चव मिळते. मिसोचे कामही तेच आहे. शिवाय त्यात मीठ आणि आंबवण्याचा मुरलेपणा असतो. दुधाच्या चीजची चव खारटपणा, आंबटपणा, मेद आणि ही भरदार चव यांच्या तोलावर उभी असते. घरगुती चीज सपक लागले तर या चारांपैकी काय कमी पडले ते शोधावे. माझ्या अनुभवात बहुतेक वेळा मीठ नाहीतर आंबटपणा कमी पडलेला असतो.

वितळलेले, तार सुटणारे चीज

सुरुवात या प्रकारापासून करावी, कारण तो लवकर होतो आणि बिघडण्याची शक्यता फार कमी असते. सुमारे ७० ग्रॅम काजू उकळत्या पाण्यात अर्धा तास भिजत घालावेत आणि पाणी काढून टाकावे. त्यात ३०० मिलिलिटर ताजे पाणी, ३० ग्रॅम म्हणजे साधारण चार मोठे चमचे टॅपिओका स्टार्च, एक मोठा चमचा न्यूट्रिशनल यीस्ट, एक चहाचा चमचा मिसो, पाऊण चहाचा चमचा मीठ आणि पाव चहाचा चमचा लसणाची पूड घालून मिक्सरमध्ये अगदी गुळगुळीत वाटावे. बोटांच्या चिमटीत घेतल्यावर कण लागत असतील तर आणखी वाटावे. येथे घाई केली तर तो खरखरीतपणा पुढे शिजवून जात नाही.

हे दुधासारखे पातळ मिश्रण पातेल्यात ओतून मध्यम आचेवर सतत ढवळत राहावे. काही मिनिटे काहीच होत नाही, मग अचानक गुठळ्या दिसू लागतात. त्या पाहून घाबरू नये आणि आच बंद करू नये. आच थोडी कमी करून जोराने ढवळत राहिले की मिनिटाभरात सर्व मिश्रण एकजीव, चकचकीत आणि चमच्यावरून ताणले जाणारे होते. त्यानंतर आणखी दोन मिनिटे शिजवावे, नाहीतर कच्च्या स्टार्चची चव मागे राहते. आच बंद केल्यावर दोन चहाचे चमचे लिंबाचा रस घालावा. रस शेवटीच का, तर आम्लासह उकळल्यास स्टार्चची पकड ढिली पडते. मिसोच्या बाबतीत क्रम उलटा आहे: तो सुरुवातीलाच घालून शिजवावा, कारण पाश्चरीकरण न केलेल्या मिसोमध्ये स्टार्च तोडणारी विकरे असतात आणि तो शेवटी घातला तर ठेवलेले चीज पातळ होऊ शकते.

हे चीज पिझ्झावर चमच्याने ठिपके देत घालावे, सँडविचमध्ये पसरावे किंवा थोडे पाणी घालून पास्त्यावर ओतावे. काजू चालत नसतील तर तितक्याच वजनाच्या सोललेल्या सूर्यफुलाच्या बिया घ्याव्यात. रंग थोडा करडा येतो आणि चवीत मातकट छटा उतरते, ती झाकायला लसूण थोडा वाढवावा.

कापता येणारा ठोकळा

१२० ग्रॅम भिजवलेले काजू, १०० मिलिलिटर गरम पाणी, दोन मोठे चमचे न्यूट्रिशनल यीस्ट, दोन मोठे चमचे वास न येणारे शुद्ध केलेले खोबरेल तेल, एक मोठा चमचा लिंबाचा रस आणि सव्वा चहाचा चमचा मीठ एकत्र वाटून मिक्सरमध्येच ठेवावे. वेगळ्या पातेल्यात २५० मिलिलिटर पाण्यात ५ ते ६ ग्रॅम अगरची पूड मिसळून उकळी आणावी आणि ढवळत दोन ते तीन मिनिटे खळखळ उकळू द्यावी. ही उकळी टाळता येत नाही. न विरघळलेला अगर थिजतच नाही. उकळते पाणी लगेच वाटणात ओतून काही सेकंद मिक्सर फिरवावा आणि मिश्रण तत्काळ तेल लावलेल्या भांड्यात ओतावे. वाटण फ्रिजमधून काढलेले थंडगार असेल तर अगर मिक्सरमध्येच थिजू लागतो, म्हणून ते कोमट असणे आवश्यक आहे. तीन तास फ्रिजमध्ये ठेवल्यावर ठोकळा उलटा करून काढता येतो. हा ठोकळा थंड सँडविच, सॅलड आणि फळांसोबत वापरावा. त्याच्याकडून वितळण्याची अपेक्षा ठेवू नये.

टोफूचे खारवलेले तुकडे आणि भुरभुरण्याचे चीज

ग्रीसच्या फेटासारखे खारट-आंबट, ठिसूळ चीज हवे असेल तर टोफूइतका सोपा मार्ग दुसरा नाही. ३०० ग्रॅम घट्ट टोफू कापडात गुंडाळून वर वजन ठेवून अर्धा तास पाणी निथळू द्यावे, मग त्याचे चौकोनी तुकडे करून तीन मोठे चमचे लिंबाचा रस, एक मोठा चमचा व्हिनेगर, तीन मोठे चमचे ऑलिव्ह तेल, एक मोठा चमचा मिसो, एक चहाचा चमचा मीठ आणि ऑरेगॅनो यांच्या मिश्रणात फ्रिजमध्ये पूर्ण एक दिवस मुरू द्यावेत. दोन तासांनी चाखले तर वरचा थर आंबट आणि आतला टोफू फिका लागतो. दुसऱ्या दिवशी तेच तुकडे ओळखू येत नाहीत.

भुरभुरण्यासाठी १०० ग्रॅम काजू किंवा बदाम, तीन मोठे चमचे न्यूट्रिशनल यीस्ट, पाऊण चहाचा चमचा मीठ आणि थोडी लसणाची पूड मिक्सरमध्ये थांबून थांबून फिरवावी. सलग फिरवल्यास तेल सुटून लगदा होतो.

आंबवलेले चीज: सर्वांत रुचकर आणि सर्वांत जबाबदारीचे

नुसते खाण्यासाठी दुग्धविरहित चीज हवे असेल तर माझी पहिली पसंती आंबवलेल्या काजूच्या चीजला आहे. लिंबाच्या रसाने येणारा आंबटपणा एकाच सुराचा असतो. लॅक्टिक आम्ल तयार करणाऱ्या जिवाणूंनी आणलेला आंबटपणा सौम्य आणि खोल असतो. अनुभवी कारागीर तर काजूच्या चकत्यांवर दुधाच्या कॅमेम्बेर या मऊ फ्रेंच चीजसाठी वापरतात तीच पांढरी बुरशी वाढवतात आणि त्यांवर खरी मऊ साल तयार होते.

तथापि येथे स्वच्छतेत तडजोड चालत नाही. २०२१ मध्ये अमेरिकेत काजूपासून केलेल्या ब्री-प्रकारच्या चीजमुळे साल्मोनेलाची लागण पसरली होती. कच्च्या काजूंवर जंतू असू शकतात आणि आंबवण्याची ऊब त्यांनाही मानवते. म्हणून काजू नुसते भिजवून न वापरता १० मिनिटे उकळावेत. मिक्सरचे भांडे, चमचे आणि वाडगा उकळत्या पाण्याने धुऊन घ्यावेत.

२०० ग्रॅम उकळलेले काजू निथळून ८० ते १०० मिलिलिटर उकळून गार केलेल्या पाण्यासह गुळगुळीत वाटावेत. वाटण कोमट झाल्यावर त्यात दुग्धविरहित विरजणाची पूड, पाकिटावर सांगितलेल्या प्रमाणात, मिसळावी. काही विरजणांत दुधाच्या साखरेचा आधार असतो, म्हणून त्यांचेही घटक वाचावेत. वाडगा झाकून साधारण २५ अंशांच्या उबेत २४ ते ३६ तास ठेवावा. वाटण किंचित फुगते, आत बारीक छिद्रे दिसतात आणि ताज्या दह्यासारखा स्वच्छ आंबट वास येतो. चाखण्यापूर्वी आम्लता मोजण्याच्या पट्टीने पीएच ४.६ च्या खाली उतरल्याची खात्री करावी. गुलाबी, केशरी किंवा काळा डाग, लव, किंवा कुजका वास आढळल्यास सर्व टाकून द्यावे. वरचा थर काढून उरलेले वाचवण्याचा मोह टाळावा. पीएच ठीक उतरल्यावर एक चहाचा चमचा मीठ मिसळून वाटण मलमलमध्ये बांधावे आणि फ्रिजमध्ये गाळणीवर एक दिवस निथळू द्यावे. गर्भवती स्त्रिया, वृद्ध, लहान मुले आणि प्रतिकारशक्ती कमी असलेल्या व्यक्तींनी या प्रकाराऐवजी वर दिलेले शिजवलेले चीज खावे.

वितळवण्याचे तंत्र

विकतचे किसलेले दुग्धविरहित चीज ओव्हनमधून कोरडे आणि न वितळलेले बाहेर येते, अशी तक्रार वारंवार ऐकू येते. याचे कारण ओलावा उडून जाण्यात आहे: स्टार्चला फुगायला पाणी लागते आणि कोरड्या, गरम हवेत वरचा थर त्याआधीच सुकतो. म्हणून चीज अधिक बारीक किसावे, थर पातळ द्यावा, वर तेलाचे किंवा पाण्याचे शिंतोडे मारावेत आणि पहिला निम्मा वेळ पदार्थ झाकून ठेवावा. पिझ्झावर चीज सॉसला लागून, भाज्यांच्या खाली घातले तर ते अधिक छान वितळते. तव्यावरच्या सँडविचसाठी आच मंद ठेवून वर झाकण घालावे आणि कडेने चहाचा चमचाभर पाणी सोडावे. कोंडलेली वाफ उरलेले काम करते. सॉसमध्ये घालायचे असल्यास आधी सॉस गरम करून मग मूठमूठभर चीज ढवळत मिसळावे.

चाखावे कसे

तापमानाचा परिणाम येथे फार मोठा असतो आणि दोन प्रकारांना उलट नियम लागू होतात. आंबवलेले काजूचे चीज खाण्यापूर्वी वीसपंचवीस मिनिटे बाहेर काढून ठेवावे, म्हणजे त्याचा वास आणि मऊपणा खुलतो. खोबरेल तेलाचा ठोकळा मात्र उबदार खोलीत घाम आल्यासारखा तेलकट होतो, म्हणून तो फ्रिजमधून काढून लगेच वाढावा.

पहिल्या ओळखीसाठी नुसता तुकडा तोंडात टाकू नये. टोमॅटो, भाजलेला लसूण, कांदा, ऑलिव्ह, मिरपूड अशा ठसठशीत चवींच्या संगतीत हे चीज आधी खावे. दुधाच्या चीजचा घास आणि हा घास पाठोपाठ घेऊन तुलना करण्यानेही काही साधत नाही. काजूची गोडसर छटा किंवा टोफूचा सोयासारखा वास ही त्या पदार्थांची स्वतःची लक्षणे आहेत आणि ती रुचू लागायला थोडे दिवस द्यावे लागतात. गोडसरपणा खटकत असेल तर सोबत लोणच्यासारखे आंबट, खारट काहीतरी द्यावे. तेलकटपणा जाणवत असेल तर सफरचंद किंवा द्राक्षे जिभेला मोकळे करतात.

साठवण

तार सुटणारे शिजवलेले चीज हवाबंद डब्यात फ्रिजमध्ये चार ते पाच दिवस राहते. थंड झाल्यावर ते घट्ट होते, तेव्हा चमचाभर पाणी घालून मंद आचेवर ढवळून घ्यावे. अगरचा ठोकळा आणि आंबवलेले चीज आठवडाभर, मुरवलेला टोफू द्रवात बुडालेला असेल तर तितकाच काळ, आणि भुरभुरण्याचे चीज कोरड्या बरणीत फ्रिजमध्ये महिनाभर टिकते. विकतचे किसलेले चीज गोठवता येते आणि ते न वितळवता गोठलेलेच पदार्थावर घालावे. अगरचा ठोकळा गोठवू नये, कारण वितळताना त्यातील पाणी सुटते. टोफू गोठवला तर तो स्पंजासारखा सच्छिद्र होतो आणि मुरवण गोठवण्याआधी घातले होते की नंतर, यानुसार त्याची चव बरीच बदलते, म्हणून गोठवायचा असेल तर साधा गोठवून, पिळून, मग मुरत घालावा.